तीन दात

ऑस्त्रावात मार्च म्हणजे काळा पडलेला बर्फ,
आणि शेडच्या दारात राडिम,
काखेत कॅटलॉग, बुटांना चिखल नाही.
मोटार किती अश्वशक्तीची, ते तो आधी सांगतो.
मी विचारते, आवाज किती?
तो पान उलटतो.

चोवीस वर्षं आम्ही कापलं नाही, घासलं.
वेडं चाक, मिनिटाला हजारो फेरे,
ठिणग्या पार भिंतीपर्यंत.
कापल्या तोंडाला निळी कड, कडेला लोंबती बर,
आणि ती बर काढायला आणखी एक माणूस.

ओटाकार त्या चाकापाशीच म्हातारा झाला.
त्याच्याशी बोलायचं तर समोर जायचं,
तोंड नीट उघडायचं, सावकाश.
त्याची बायको निरोप मला देते:
गोळ्या विसरू नको म्हणावं, येताना राईचा पाव.
मी कागदावर लिहून त्याच्या डब्यावर ठेवते.
तेव्हाच्या कॅटलॉगात
ही किंमत छापलेली नव्हती.

बँडसॉ घ्या, राडिम म्हणतो,
मांडीएवढी सळई घाला, गर्डर घाला,
पातं पातळ, माल वाया जात नाही.
खरं आहे त्याचं.
पण सळया आमच्याकडे महिन्यातून दोनदा,
त्या पलीकडच्या गल्लीत कापून मिळतात.
आमचं पोट नळ्यांवर:
जिन्याचे कठडे, बालवाडीचे झोपाळे,
दोन मिलिमीटर जाड भिंतीची पोकळ कामं.

ओटाकार इतका वेळ आमच्या ओठांकडे बघत होता.
त्यानं तीन बोटं वर केली.
मालात एका वेळी तीन दात.
एकटा दात पातळ भिंतीत अडकतो, मोडतो,
मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा.
दात आणि चणे दोन्ही असून भागत नाही, बाई,
चणे बघून दात घ्यावे लागतात.

मग राडिमनं गाडीतून तिसरीच करवत उतरवली.
बारीक दातांची जाड तबकडी.
सुरू केली तर इतकी हळू फिरली
की मला वाटलं, बिघडली.
वरून दुधाळ पाण्याची धार.
नळीत शिरली, बाहेर आली, एक ठिणगी नाही.

ओटाकारनं तुकडा उघड्या हातानं उचलला.
हियेन ओरडली. त्याला कुठे ऐकू जायला!
ताज्या कापाला हात लावायचा नाही,
हे तिला त्यानंच शिकवलेलं, पहिल्याच दिवशी.
त्यानं तो गालाला लावला
आणि तसाच उभा राहिला.
मग वाकून ट्रेमधला कीस चिमटीत घेतला:
भुकटी असती तर दाब कमी,
निळा असता तर जास्त.
हा नवव्या आकड्यासारखा वळलेला, पांढरा.

मी सही केली. अठरा हप्ते.

जुनं यंत्र भंगारवाल्याच्या गाडीत मावेना.
पाय कापावे लागणार होते.
कापीन तर मीच, असं ओटाकारनं खुणेनं सांगितलं.
त्याच्याच यंत्राचा पाय त्यानं शिकंजात आवळला,
बटण दाबलं,
आणि थांबला.
बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात
त्यानं सगळ्या शेडला विचारलं,
"सुरू आहे का ही?"

कोणी हसलं नाही.
जुनं चाक त्याला छातीत कळायचं.
इतकी वर्षं तेवढंच तर ऐकत होता तो.
आणि मी त्याच्यासाठी निवडून, पारखून
अशी करवत आणली
जी त्याच्या बोटांजवळ
गुपचूप फिरेल.

तो पाय त्या दिवशी हियेननं कापला.

दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधी आली.
मोटारीच्या तारेतून एक फाटा काढून
करवतीच्या कपाळावर लाल दिवा बसवला.
फिरतेय तोवर पेटलेला.
ओटाकारनं बटण दाबलं, दिवा बघितला,
बंद केलं, बघितला,
पुन्हा दाबलं.
सहा-सात वेळा.

दिवा, तार, दोन स्क्रू: नव्वद कोरुना.
मी तो खर्च किरकोळमध्ये टाकला नाही.
करवतीच्या किमतीतच मिळवला.